दत्तास पत्र : काळी तीनचा गांधार

ॲबर्डीन,
ता. २६ ऑक्टोबर

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

तुझी दोन पत्रे आणि दिवाळी अंकाचे पुडके वेळेवर पोचूनही सव्वा वर्षात मी तुला एक ओळ लिहिली नाही, याची मनापासून लाज वाटते. प्रकृती ठीक आहे, गुडघा आहे तसाच आहे. आज लिहायला बसलो ते मात्र केवळ त्या लाजेपोटी नव्हे. शेटलंडला असे काही घडले, की ते इथे कोणाला सांगावे हेच मला कळेना. घरी सांगून पाहिले, पण ऐकणाऱ्याला आपले पेटीवाले मास्तर ठाऊक नसले की त्या गोष्टीत काही उरतच नाही. दत्ता, मास्तरांनी आपल्या अकॉर्डियनवर लावलेला गांधार एका परक्या माणसाने ओळखला. आणि त्याच आठवड्यात तो कायमचा पुसून टाकण्याची वेळ माझ्यावर आली आहे.

शेटलंड बेटांवरच्या लेर्विकचा अकॉर्डियन आणि फिडल (म्हणजे व्हायोलिन) महोत्सव १९८८ पासून दर ऑक्टोबरमध्ये भरतो. आमच्या बँडला यंदा प्रथमच तिथले बोलावणे आले. इथून संध्याकाळी बोट निघते आणि रात्रभर, सुमारे बारा तास, उत्तर समुद्रातून जाते. ऑक्टोबरातला तो समुद्र कसा असतो ते एवढ्यावरूनच ओळख, की आमचा ड्रमवाला सकाळपर्यंत आडवा होता आणि मी वाद्याची पेटी दोन्ही पायांत धरून बसून राहिलो होतो. या लोकांच्या तोंडी अकॉर्डियनला 'बॉक्स' म्हणतात, हे मी तुला मागे कळवले होते का? पहिल्यांदा तो शब्द ऐकला तेव्हा मला मिरजेत बसल्यासारखे वाटले, कारण आपणही दुसरे काय म्हणतो? पेटीच म्हणतो.

स्कॉटिश नाचाच्या बँडमध्ये बहुधा दोन बॉक्स असतात : पहिला चाल वाजवतो, दुसरा तिला भरणा देतो. जोडीला फिडल, पियानो, डबल बास आणि ड्रम. मी दुसरा बॉक्स वाजवतो. पाहुण्या बँडांना रोज रात्री बेटावरच्या वेगवेगळ्या गावांच्या हॉलमध्ये पाठवतात, आणि मध्यंतरात गावातल्या बायका खारवून धुरावर वाळवलेल्या मटणाचे सूप आणि बॅनॉक नावाची जाड भाकरी वाढतात. ते पाहून मला आपल्या गणेशोत्सवाच्या कार्यक्रमांतली मंडपामागची पिठलंभाकरी आठवली. नाच सुरू होण्यापूर्वी बँड फक्त एक स्वरसमूह वाजवतो, तेवढ्यात नाचणारे एकमेकांना वाकून नमस्कार करतात, आणि मग बत्तीस मात्रांचे आवर्तन आठ वेळा फिरते. (इथे मात्रा म्हणजे त्यांचा 'बार', हे तुला सांगायला नको.) दर फेरीला चाल बदलते आणि शेवटच्या फेरीला पहिली चाल परत येते. या आठ फेऱ्यांत लय केसभर जरी सरकली, तरी पन्नास जोडप्यांचे पाय एकदम चुकतात. लयीच्या या शिस्तीसाठी इथे जिमी शँड यांचे नाव देवासारखे घेतात. खाणीत काम केलेला हा स्कॉटलंडमधल्या फाईफचा माणूस. हॉनर कंपनीने पुढे त्यांच्या नावाचा खास बॉक्स काढला, आणि १९९९ मध्ये, वयाच्या नव्वदीनंतर, त्यांना 'सर' ही पदवी मिळाली. त्यांच्या ध्वनिमुद्रिका ऐकताना मला दर वेळी तुझा आवाज ऐकू येतो : 'अरे, पळतोयस कुठे? गाडी सुटली का?' इचलकरंजीच्या त्या कार्यक्रमानंतर आपण तीन आठवडे बोललो नव्हतो, पण लयीबाबत तुझेच बरोबर होते, हे मी आज लेखी देतो.

आता मुख्य गोष्ट. शुक्रवारी रात्री कार्यक्रम आटोपल्यावर हॉटेलच्या दिवाणखान्यात नेहमीप्रमाणे बैठक जमली. नॉर्वेहून आलेल्या जुन्या नाचांच्या बँडमधले दोघे-तिघे होते. त्यांतला एक फिडलवाला सत्तरीच्या पुढचा, आणि त्याचे इंग्रजी माझ्या नॉर्वेजियनइतकेच. शेटलंडवर नॉर्वेच्या लोकांना परके वाटत नाही. १४६९ पर्यंत ही बेटे त्यांच्या राजाची होती. मुलीच्या हुंड्यापोटी त्याने ती स्कॉटलंडकडे गहाण टाकली आणि गहाण कधीच सुटले नाही. आमचा पहिला बॉक्स झोपायला गेला होता, म्हणून त्या म्हाताऱ्याला साथ करायला मी बसलो. त्याने पांढरी दोनमध्ये एक संथ वॉल्ट्झ धरला. दुसऱ्या आवर्तनात मी काळी तीनवर, म्हणजे पांढरी दोनच्या गांधारावर, थोडा जास्त थांबलो आणि त्याने वाजवता वाजवता मान वळवून माझ्या उजव्या हाताकडे पाहिले. चाल संपल्यावर त्याने बोटाने खूण केली : तोच सूर पुन्हा. मी काळी तीन दाबून भाता सावकाश ओढला. त्याने फिडलवर तोच सूर लावला, बोट अगदी किंचित मागे सरकवले, आणि दोन सुरांमधली ती लहर हळूहळू मंदावत मंदावत पूर्ण थांबली. खोलीत तेवढा एकच आवाज उरला. त्याने डोळे मिटले होते. मग म्हणाला, "हा इतर बॉक्ससारखा नाही. हा खाली आहे. आमच्याकडेही तो असाच खाली असायचा." त्यानंतर तासभर त्याने पांढरी दोन सोडली नाही आणि मलाही सोडू दिली नाही.

तुला त्या खोलीत असायला हवे होते. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली, ती १९७१ मध्ये सैल होईपर्यंत मास्तरांनी जो अपमान गिळला, त्याचे उत्तर त्यांनी वाद न घालता कानस हातात घेऊन दिले होते. पेटीचा गांधार चढा असतो म्हणता ना, मग मी तो उतरवून देतो. आपण मुंबईहून ते हॉनरचे अकॉर्डियन आणले आणि त्यांच्यापुढे ठेवले, तेव्हा तीन सुरांची ती थरथर ऐकून ते म्हणाले होते, "सूर असा हलतो कशाने? ह्याच्या अंगात येतं काय?" नाट्यगीतांसाठी पांढरी दोनचा गांधार त्यांनी तंबोऱ्यावर लावून दिला आणि थरथरही अर्ध्यावर आणली. त्या वेळी आपल्या दोघांनाही अकॉर्डियनवादक एनॉक डॅनियल्ससारखा झगमगता आवाज हवा होता, म्हणून आपण परतीच्या बसमध्ये नाराज होतो. आणि त्याच गांधाराने छत्तीस वर्षांनंतर नॉर्वेतल्या एका म्हाताऱ्याचे डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, क्लिकिमिन नावाच्या प्रचंड हॉलमध्ये मोठा नाच होता. एका बँडमागून दुसरा, मध्यरात्र उलटेपर्यंत. आमच्या पाळीच्या तिसऱ्याच नाचात बॉक्समधून खरखर सुरू झाली. वरच्या सप्तकातले दोन सूर बोलेनासे झाले, एक आपोआप वाजत राहिला. कशीबशी पाळी निभावली. इकडे परत आल्यावर फाईफमधल्या एका दुरुस्ती करणाऱ्याकडे गेलो. जाळी काढून त्याने सुरांचे (म्हणजे जिभा बसवलेल्या धातूच्या पट्ट्यांचे) लाकडी ठोकळे बाहेर घेतले, तेव्हा कारण डोळ्यांना दिसले. सूर ज्या मेणाने बसवलेले असतात ते मधमाशीचे मेण आणि राळ यांचे मिश्रण पार कोरडे होऊन बिस्किटासारखे तडकले आहे. कोल्हापूर-सांगलीचा उन्हाळा आणि इथली थंडी त्याने किती काळ सोसायची? चामड्याच्या झडपाही कडेने वळल्या आहेत. म्हणजे आता सगळे सूर काढून, पुसून, नवे मेण घालून परत बसवायला हवेत. उजव्या हाताच्या एक्केचाळीस पट्ट्या, प्रत्येकीला तीन सूर, प्रत्येक सुराला ओढण्याची एक आणि दाबण्याची एक अशा दोन जिभा, एकूण दोनशे शेहेचाळीस. एवढे बाहेर काढले की सगळे वाद्य नव्याने सुरात लावावेच लागते.

त्याने काळी तीनची जिभांची एक पट्टी चिमट्यात धरून भिंगाखाली ठेवली आणि मला बोलावले. जिभेच्या मुळाशी, रिव्हेटच्या जवळ, तिरक्या, अतिशय बारीक आणि एकमेकींना समांतर रेघा होत्या. मास्तर ब्लेडचा तुकडा बोटाच्या पेराला टेकवून ओढायचे तो कोन आठवतो तुला? तोच. मी भिंगावरून बराच वेळ डोळा काढला नाही. त्याने ट्यूनर लावला : चौदा सेंट खाली, म्हणजे अर्ध्या सुराचा सातवा हिस्सा. चारही सप्तकांतल्या चोवीसच्या चोवीस जिभा जवळजवळ त्याच मापाने खाली. ट्यूनर न वापरता, निव्वळ कानाने. तो दुरुस्ती करणारा चांगला कारागीर आहे आणि त्याने मनापासून आदराने मान हलवली, पण पुढे म्हणाला, "काम सुंदर आहे, पण बँडसाठी चुकीचे आहे."

तो खोटे बोलत नाही, आणि माझी सगळी घालमेल इथेच आहे. फिडलबरोबर हा गांधार विरघळतो, कारण फिडलवाला बोट सरकवू शकतो. दुसऱ्या बॉक्सबरोबर मात्र तो भांडतो, कारण तिकडचा काळी तीन जागचा हलत नाही. आणि बँड काही पांढरी दोनवरच बसून राहत नाही. पांढरी सहा येते, पांढरी पाच येते, तिथे हाच सूर धैवत किंवा निषाद होऊन उघडा पडतो. आमच्या पहिल्या बॉक्सने पाच वर्षे हे सोसले आणि एका शब्दाने मला दुखावले नाही. पण पुढच्या ऑगस्टमध्ये फ्रान्समधल्या ब्रिटनीत लोरियाँला जायचे आहे. १९७१ पासून भरणारा तो केल्ट लोकांचा मोठा मेळा आहे, तिथे सर्व बाजूंचे वादक ऐकायला असणार, आणि त्याआधी वाद्य सुरात आणावे असे त्याने प्रथमच स्पष्ट सांगितले. त्याचे काय चुकले? मी त्याच्या जागी असतो तर पहिल्याच वर्षी सांगितले असते.

सूर खाली आणायला मास्तरांनी जिभा मुळाशी घासल्या. आता वर न्यायला हा माणूस त्या टोकाशी घासेल. गेलेले पोलाद परत येत नाही. दोन्हीकडून झिजलेली जीभ किती वर्षे टिकेल तेही सांगता येत नाही. दुसरा मार्ग त्यानेच सुचवला : काळी तीनच्या जिभांच्या बाराही पट्ट्या काढून डबीत घालून मला द्यायच्या आणि त्यांच्या जागी नव्या बसवायच्या. हे ऐकून आधी मला सुटल्यासारखे वाटले. पण रात्री झोप लागेना. डबीतला सूर वाजत नाही, दत्ता. मास्तरांनी तो त्या लाकडावर, त्या भात्यावर ऐकून लावला होता. तिसरा मार्ग म्हणजे बँडसाठी वेगळे वाद्य घ्यावे आणि हे जसे आहे तसे नवे मेण घालून घरी ठेवावे. त्याला पैसे बरेच लागतील, ते जमवता येतील. पण छत्तीस वर्षे रंगमंचावर राहिलेले वाद्य कपाटात बसवायला माझा हात धजत नाही.

आणि या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट अशी, की ते वाद्य निम्मे तुझे आहे. १९८७ मध्ये तू दोन हजार घातलेस आणि मी दोन हजार. कॅसिओचे की-बोर्ड आल्यावर तू ते विकू या म्हणालास, बहिणीच्या लग्नाची तुला निकड होती, आणि मी हो-नाही करत दिवस काढले. मग १९९४ मध्ये तुला न विचारता ते विमानात घालून घेऊन आलो. तू मला त्याबद्दल एकदाही टोकले नाहीस. पैसे पाठवतो असे मी दोनदा लिहिले आणि दोन्ही वेळा तू विषय बदललास. म्हणून या वेळी तुला विचारल्याशिवाय त्यातल्या एकाही जिभेला मी हात लावू देणार नाही, असे त्या कारागिराला सांगून आलो आहे. त्याने पंधरा नोव्हेंबरपर्यंत थांबायचे कबूल केले आहे.

वहिनींच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले का, आणि पट्टी निघाली का ते कळव. धाकटीला पुण्यात नोकरी लागल्याचे वाचून फार बरे वाटले. तिला माझे आशीर्वाद सांग. घराच्या वाटणीचे काय झाले तेही लिही, मी त्याबद्दल इतके दिवस विचारले नाही.

आता एक काम कर. २०१९ च्या महापुरात तू मास्तरांची पेटी आधी माळ्यावर चढवलीस आणि मग स्वतःचे सामान हलवलेस, हे मला वहिनींनी फोनवर सांगितले होते. ती पेटी खाली काढ. पांढरी दोनचा सा दाबून धर, त्यावर काळी तीन दाब आणि भाता सावकाश मार. तिथला गांधार अजून मास्तरांनी लावलेला तसाच आहे का, की दमट हवेने तो सरकला आहे, हे तुझ्याच कानाला कळेल. माझा त्यावर विश्वास आहे. तो तिथे शाबूत असेल तर मला वेगळे वाटेल, आणि नसेल तर हा इथला एकच उरला आहे असे धरून निर्णय घ्यावा लागेल. ऐकून झाले की रात्री-अपरात्री, कधीही फोन कर आणि सांगण्यापूर्वी फोन पेटीजवळ धरून मलाही एकदा ऐकव.

तुझा,
अरविंद