पाकीट आधी, हारतुरे नंतर

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गणपती तोंडावर आलेत, सोसायट्यांमधे आणि मंडळांमधे कार्यक्रमांच्या मीटिंगा सुरू झाल्यात, म्हणून हे पत्र आत्ताच लिहितेय, कारण एकदा बजेट ठरलं की मग कुणी काही ऐकून घेत नाही. विषय आहे आपल्या भागातल्या कलाकारांचा, म्हणजे आपल्याच बिल्डिंगमधे, आपल्याच गल्लीत राहणारे जे गाणारे, वाजवणारे, नाटक करणारे, रांगोळी काढणारे लोक आहेत त्यांचा.

मी कोथरूडला राहते, आमच्या सोसायटीत नव्वदच्या वर फ्लॅट आहेत आणि गेली सात-आठ वर्षं मी सांस्कृतिक समितीत आहे, हिशेब माझ्याकडेच असतो. तीन वर्षांपूर्वी आम्ही पाचव्या दिवशी नाट्यगीतांचा कार्यक्रम ठेवला होता. गायिका बाहेरून बोलावलेली, तिचं मानधन आधीच ठरलेलं. तबल्याला आमच्या बी विंगमधला मुलगा होता, वय चोवीस, लहानपणापासून शिकतोय, रोज पहाटे त्याचा रियाज जिन्यात ऐकू येतो. त्याला मानधन किती द्यायचं हा विषय मीटिंगमधे निघालाच नाही. कुणीतरी म्हणालं तो आपलाच आहे, आणि सगळ्यांनी मान डोलावली, मीसुद्धा.

त्या दिवशी सकाळपासून पाऊस होता. मंडप पार्किंगमधे, खाली ओल, हवा दमट, अशा हवेत तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, सैल पडते आणि स्वर उतरत राहतो. मी स्टेजच्या अगदी बाजूला बसले होते म्हणून मला दिसलं, प्रत्येक पद संपलं की टाळ्या चालू असतानाच तो हातोडी घ्यायचा, पुडीच्या काठावरचं एकेक घर ठोकून स्वर वर आणायचा, बाजूचे लाकडी गट्टे सरकवायचा, बोटांना पावडर लावायचा आणि गायिकेकडे बघून मान हलवायचा. दोन तास हे चाललं होतं. लोकांना यातलं काही कळलं नाही, कारण त्याने कळू दिलं नाही, गाणं कुठेही बेसूर वाटलं नाही. शेवटच्या भैरवीच्या आधी पुडी काठाला फाटली, त्याने शांतपणे पिशवीतून दुसरा तबला काढला, मिळवला आणि वाजवला.

दोन दिवसांनी तो मला लिफ्टपाशी भेटला, खांद्यावर तबल्याची पिशवी, हातात हेल्मेट. कुठे निघालास विचारलं तर म्हणाला, काकू, पेठेत पुडी बदलायला टाकतोय, उद्या एक गाण्याची बैठक होती पण ती दुसऱ्याला दिली. बास, एवढंच बोलला, तक्रारीचा एक शब्द नाही. मी वर आले आणि वही उघडली. मंडप 42 हजार, साउंड 15 हजार, अल्पोपाहार 31 हजार, फुलांची सजावट 9 हजार, आणि तबल्याच्या नावापुढे शाल-श्रीफळ 350 रुपये. ते 350 मी माझ्या हाताने लिहिले होते. त्या रात्री मला झोप लागली नाही, खरंच सांगते.

पुढच्या वर्षीच्या मीटिंगमधे मी एकच मुद्दा धरून बसले, की बजेटच्या कागदावर पहिली ओळ कलाकारांच्या मानधनाची येणार, त्यात साथीदारांची वेगवेगळी नावं आणि वेगवेगळे आकडे येणार, आणि मंडप, जेवण, फुलं जे काय असेल ते उरलेल्या पैशात बसवायचं. विरोध झालाच. वर्गणी वाढेल म्हणाले, घरचं पोरगं पैसे घेणार आहे का म्हणाले, एकाने तर सांगितलं की त्याला स्टेज मिळतंय, चार लोकांसमोर एक्स्पोजर मिळतंय हे काय कमी आहे. त्यावर आमच्याच एका आजोबांनी, ते आयुष्यभर प्लंबिंगचं काम करत आले, त्यांनी विचारलं की मी तुमच्या घरी नळ बसवला तेव्हा तुम्ही मला एक्स्पोजर दिलं होतं का. मग कुणी बोललं नाही. शेवटी एक कमान कमी केली, पावभाजीच्या जागी साधा उपमा ठेवला आणि वर्गणी फ्लॅटमागे शंभर रुपये वाढली. कुणाचंही काही अडलं नाही. पाकीट आम्ही कार्यक्रमाच्या आधी ग्रीनरूममधे देतो, म्हणजे नंतर कुणाला ताटकळत उभं राहावं लागत नाही, आणि मानधन कधी मिळेल असं आपल्याच शेजाऱ्याला विचारायची वेळही येत नाही.

पुण्याला कलेची कदर नाही असं मी अजिबात म्हणणार नाही. पंडित भीमसेनजींनी गुरूंच्या स्मरणार्थ 1953 साली सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव आजही डिसेंबरच्या थंडीत भरतो, शाली पांघरून लोक भारतीय बैठकीवर तासन्‌तास बसतात, तिकीट काढून बसतात. भास्करबुवा बखल्यांनी 1911 मधे काढलेला भारत गायन समाज असो की सदाशिव पेठेतलं भरत नाट्य मंदिर, जी संस्था 1894 पासून आहे, हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी टिकवलंय. त्याच्या आधी पेशवाईत शाहीर दरबाराच्या आश्रयावर होते, होनाजी बाळा, राम जोशी यांची नावं आपण अजून घेतो. मग दरबार गेले, काही काळ संस्थानिकांनी कलाकार सांभाळले, आणि 1880 मधे अण्णासाहेब किर्लोस्करांनी बुधवार पेठेतल्या आनंदोद्भव थिएटरात संगीत नाटक उभं केलं. पुढे पन्नास वर्षं संगीत नाटक मंडळ्या चालल्या त्या तिकीट काढणाऱ्या माणसांच्या जिवावर, म्हणजे कारकून, मास्तर, दुकानदार, विद्यार्थी यांच्या चार-आठ आण्यांवर. राजा गेला आणि त्याची जागा आपण, म्हणजे प्रेक्षकांनी घेतली. ती जागा आपण सोडून चाललोय असं मला हल्ली वाटतं.

आणि एक गोष्ट मला फार लागते. जंगली महाराज रस्त्यावरून जाताना बालगंधर्व रंगमंदिर दिसतं, 26 जून 1968 ला त्याचं उद्घाटन झालं. ज्यांच्या नावाने ते उभं आहे ते संगीत नाटकातले बालगंधर्व, म्हणजे नारायणराव राजहंस, 15 जुलै 1967 ला पुण्यातच गेले, म्हणजे वर्षसुद्धा झालं नव्हतं. साऱ्या महाराष्ट्राने डोक्यावर घेतलेला हा माणूस, त्यांची शेवटची वर्षं पैशाच्या ओढाताणीत गेली. नाव दगडात कोरलं गेलं, पण हातात पैसे हवे होते तेव्हा ते नव्हते. मी त्या पायऱ्या चढते तेव्हा दरवेळी हे आठवतं.

आत्ताचं चित्र बघा. कॉलेजांची एकांकिका स्पर्धा, पुरुषोत्तम करंडक, 1963 पासून चालू आहे, भरतला प्राथमिक फेरीलासुद्धा पोरं खचाखच भरलेली असतात, आवाज कुणाचा म्हणून छत हादरतं, तो उत्साह बघून माझ्यासारखीच्या डोळ्यात पाणी येतं. पण तीच पोरं दोन वर्षांनी स्वतःचं प्रायोगिक नाटक घेऊन एखाद्या छोट्या रंगमंचावर उभी राहतात, दोनशे रुपये तिकीट असतं आणि समोर तीस माणसं, त्यातली दहा घरची. हॉलचं भाडं, लाइट, सेटचा टेम्पो हे सगळं जाऊन नाइट, म्हणजे प्रयोगाचं मानधन, किती हातात येते हे त्यांनाच विचारा, बऱ्याचदा स्वतःच्याच खिशातून भरावे लागतात. मग ती मुंबईला जातात, सिरीयल घेतात, आणि आपण म्हणतो पुण्यात पूर्वीसारखं नाटक होत नाही.

तिकिटाला आपण महाग म्हणतो, पण तीनशे रुपयांचं नाटक आणि मल्टिप्लेक्समधले पॉपकॉर्न यांचा हिशेब प्रत्येकाने घरी करून बघावा. 500 रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या किंवा गाण्याच्या तिकिटावर जीएसटीही नाही. तरी ओळखीचा कलाकार असला की पहिला फोन काय येतो, तर पासेस आहेत का. मला वाटतं ज्याच्या आपण ओळखीचे आहोत त्याचं तर आपण तिकीट आधी काढलं पाहिजे, एक नाही चार काढावीत आणि शेजाऱ्यांना सोबत न्यावं. आमच्या सोसायटीतल्या बायकांचा आम्ही आता एक ग्रुप केलाय, महिन्यातून एकदा जवळपासचा एक कार्यक्रम, सगळ्यांनी स्वतःचं तिकीट काढायचं, येताना रिक्षा शेअर करायची. सुरुवातीला सहा जणी होतो, आता वीसेक येतात, आणि खरं सांगायचं तर आम्हालाच त्याचा आनंद जास्त झालाय. एका नाटकानंतर त्या मुलामुलींशी तासभर गप्पा झाल्या, संहिता कशी बदलत गेली ते त्यांनी सांगितलं, आम्हाला कुठे कंटाळा आला तेही त्यांनी विचारून घेतलं.

विसर्जन मिरवणुकीपुढे लक्ष्मी रस्त्यावर जे लोक वाकून वाकून रांगोळीचे गालिचे काढतात त्यांच्याबद्दलही लिहायचं होतं, देखावे रंगवणाऱ्यांबद्दलही, पण पत्र लांबत चाललंय. मंडळांनी निदान रांगोळीचा रंग आणि त्या लोकांचं दिवसाचं जेवणपाणी याच्या पलीकडे त्यांच्या हाताची किंमत म्हणून काहीतरी ठरवावं एवढं तरी म्हणते.

आता तुमच्याकडे एक विनंती. तुमच्या पेपरात रोज शहरातल्या कार्यक्रमांचा रकाना येतो, मी सकाळी चहाबरोबर पहिला तोच वाचते. त्यात बहुतेक वेळा अध्यक्ष कोण, प्रमुख पाहुणे कोण, उद्घाटक कोण हे सगळं असतं, पण तबल्याला कोण, पेटीला कोण, नाटकाची प्रकाशयोजना कुणाची हे नसतं, आणि तिकीट किती आणि कुठे मिळेल हे तर जवळजवळ कधीच नसतं. पाहुण्यांच्या नावांची एक ओळ कमी करून तिथे साथीदारांची नावं आणि तिकिटाची रक्कम छापता येईल का? गणपतीच्या आधी सुरू झालं तर फारच बरं होईल, यंदा पाचव्या दिवशी आमच्याकडे पुन्हा नाट्यगीतं आहेत आणि तबल्याला बी विंगमधला तोच मुलगा आहे.

आपली,
एक वाचक, कोथरूड, पुणे