पलंगाखालचे बूट

हेवर्ड, कॅलिफोर्निया

ती. आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

इथल्या भूकंपाच्या भीतीबद्दल बाबांना फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितेय. हेवर्ड फॉल्ट, म्हणजे जमिनीतली भूकंपाची भेग, भरवस्तीखालून जातो, हे खरं आहे. काही ठिकाणी तो वर्षाला सुमारे ५ मिलिमीटर गुपचूप सरकतो, त्यामुळे फुटपाथाची सिमेंटची कड तुटून बाजूला गेलेली दिसते. पण तेवढ्यानं सगळा ताण निघून जात नाही. १८६८ साली इथे मोठा भूकंप झाला होता, हे मी लपवत नाही.

तरी बाबा, किल्लारी डोळ्यांपुढे आणू नका. तिथे मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती झोपेतल्या माणसांवर पडल्या. इथली बहुतेक घरं लाकडी सांगाड्याची, वजनाला हलकी. जुन्या घरांना भीती असते ती पायावरून घसरण्याची. आमच्या घराचा सांगाडा पायाला बोल्टांनी आवळलेला आहे आणि खालच्या बुटक्या भिंतींना प्लायवूड ठोकलंय. गरम पाण्याच्या टाकीलाही वर-खाली दोन पट्टे आहेत, कारण टाकी कलंडली की गॅसची नळी तुटते आणि आग लागते.

आई, पलंगाखाली बूट दिसले म्हणून रागावलीस. तुझं वळण विसरले नाही गं. रात्री हादरा बसला की काचा फुटतात, वीज जाते आणि अंधारात उठणाऱ्याचे तळपाय कापतात. म्हणून जाड तळाचे बूट आणि टॉर्च पिशवीत ठेवायची. पिशवी अशासाठी की उघड्या बुटात काचा पडतात. ती पलंगाच्या पायाला बांधायची, नाहीतर हादऱ्यानं दूर सरकते आणि नेमकी हवी तेव्हा सापडत नाही. जमीन हलत असताना मात्र उठायचंच नाही. पालथं पडून उशीनं डोकं आणि मान झाकायची. ते बूट नवे आहेत, रस्त्यावर कधी घातलेले नाहीत.

माणशी रोजचे ४ लिटर धरून दोन आठवड्यांचं पाणी भरून ठेवलंय. गॅसचा वास आला किंवा गळतीची शंका आली तरच मीटरजवळचा व्हॉल्व्ह पान्यानं पाव वळसा फिरवायचा. उगाच बंद केला तर कंपनीचा माणूस येईपर्यंत चूल नाही.

ताईच्या लग्नासाठी दीड लाख पाठवलेत. हॉलचा हप्ता त्यातून द्या, बाबांनी एफडी मोडू नये. साखरपुड्याला येता येत नाही. ताईला मीच फोन करते, तुम्ही आधी सांगू नका. रजा लग्नासाठी राखून ठेवलीय. माझ्या स्थळाचं तेव्हा समोरासमोर बोलू, मी नाही म्हणत नाहीये.

आणि आई, तुझ्या उशाशी ते लोखंडी कपाट आहे ना, ते सुताराकडून भिंतीला पट्टीनं जखडून घे. मी आल्यावर करते म्हणता म्हणता दोन वर्षं गेली. त्याचे पैसे दीड लाखातच धरलेत.

तुमची,
धाकटी