परसबागेला पावसाळ्यात हात हवेत

महोदय,

विदर्भातील काळ्या मातीत पावसाचे पाणी साचून राहते आणि गावकऱ्यांनी श्रमदानाने राखलेल्या शाळेच्या परसबागेतील वांगी-मिरचीची रोपे मूळकुजीने माना टाकतात. आमच्या गावी यंदा गादीवाफे करून मधून चर काढले, तेव्हा सलग झडीतही वांगी तगली. किडीसाठी 5 टक्के निंबोळी अर्क, म्हणजे 100 लिटर पाण्याला 5 किलो कुटलेल्या निंबोळ्या, पुरतो. मात्र त्या उन्हाळ्याच्या शेवटीच वेचून ठेवाव्या लागतात, हे कोणी वेळेवर सांगत नाही.

खरी अडचण माणसांची आहे. कपाशीचे निंदण आणि बागेतले तण एकाच वेळी येतात. अशा वेळी रोजी बुडवून बागेत राबा, असे मजूर बायांना कोणत्या तोंडाने म्हणावे? निदान या दिवसांची मजुरी ग्रामपंचायतींनी द्यावी, ही विनंती.

— एक वाचक, जि. यवतमाळ