नकार द्या, पण कारण लिहून द्या : रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांना खुले पत्र

प्रति,
मा. गव्हर्नर,
भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई.

सादर नमस्कार.

गेल्या आठवड्यात माझा क्रेडिट कार्डाचा अर्ज नामंजूर झाला. माझं बचत खातं, चालू खातं आणि मुदत ठेवी ज्या बँकेत आहेत, त्याच बँकेने तो नाकारला. मोबाइलवर दोन ओळींचा निरोप आला. बँकेच्या अंतर्गत धोरणानुसार आपला अर्ज मंजूर करता येत नाही, आपण सहा महिन्यांनी पुन्हा अर्ज करू शकता. या सहा महिन्यांत मी काय सुधारायचं, याबद्दल एक अक्षर नाही. शाखेत जाऊन विचारलं. समोरचा तरुण अधिकारी भला होता. त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवली आणि म्हणाला, ‘‘मॅडम, सिस्टिमनेच रिजेक्ट केलंय. कारण आम्हालाही दिसत नाही.’’

मी करसल्लागार आहे. लहान व्यावसायिकांचे हिशेब लिहिते, जीएसटीची विवरणपत्रं आणि आयटीआर (प्राप्तिकर विवरणपत्र) भरते, बँकेत कर्जासाठी द्यायचे ताळेबंद आणि प्रोजेक्ट रिपोर्ट तयार करते. बँकेच्या कर्ज विभागाला कोणता कागद का लागतो, हे मला पोटापाण्याच्या कामामुळे ठाऊक आहे. माझा स्वतःचा आयटीआर दरवर्षी मुदतीत जातो. माझ्या नावावर कर्ज नाही. माझा एकही चेक कधी परत गेलेला नाही. क्रेडिट स्कोअर, म्हणजे उधारी फेडण्याच्या सवयीवर मिळणारे गुण, ३०० ते ९०० च्या मोजपट्टीवर ७८० च्या वर आहे. अर्जासोबत दिलेल्या कागदांत काय कमी पडलं, हे मला माझ्या धंद्यातल्या सगळ्या अनुभवानिशी शोधता आलेलं नाही. मग ज्या माणसाला आयटीआर म्हणजे काय हेही नीट माहीत नाही, त्याने काय करायचं?

महोदय, तुमचाच नियम तुम्हाला दाखवावा लागतोय, याचं मला वाईट वाटतं. १ जुलै २०२२ पासून लागू झालेल्या तुमच्या क्रेडिट आणि डेबिट कार्डविषयक निर्देशांत म्हटलंय की कार्डाचा अर्ज नाकारला, तर त्याचं नेमकं कारण अर्जदाराला लेखी कळवायचं. ही अट त्या वर्षी पहिल्यांदा आली असंही नाही. कर्जदात्यांसाठीच्या २००३ च्या उचित व्यवहार संहितेत ती दोन लाखांपर्यंतच्या लहान कर्जांसाठी होती. मार्च २००७ मध्ये तुमच्या बँकेने ती सगळ्या कर्जांना लागू केली आणि त्यात क्रेडिट कार्डाच्या अर्जांचा उल्लेख मुद्दाम घातला. म्हणजे इतकी वर्षं हा नियम कागदावर आहे, आणि तरीही बँका ‘अंतर्गत धोरण’ हे दोन शब्द लिहून मोकळ्या होतात. हे कारण झालं का? धोरणातल्या कोणत्या कलमात मी बसले नाही, ते कारण. उत्पन्न कमी पडलं, पत्ता जुळला नाही, अलीकडे फार बँकांनी पतअहवाल मागवला, हे कारण. अमेरिकेत १९७४ च्या समान पतसंधी कायद्याखाली जे नियम आहेत, त्यात तर स्पष्टच म्हटलंय की अर्ज आमच्या अंतर्गत निकषांत किंवा धोरणात बसला नाही, एवढं सांगणं पुरेसं नाही. आपल्याकडे तेवढंच सांगितलं जातं आणि ते चालतं.

माझी गोष्ट थोडी मागून सांगायला हवी, कारण माझ्यासारख्या बायका देशभर आहेत.

माझे यजमान गेले तोवर माझ्या पर्समध्ये एक कार्ड होतं. ते त्यांच्या खात्यावरचं ॲड-ऑन कार्ड होतं. घरखर्च, मुलीच्या फिया, वीजबिल, सगळं मी त्यावर करायचे आणि दर महिन्याचं पूर्ण बिल माझ्या कमाईतून भरायचे. ते गेले, त्यांचं खातं बंद झालं आणि त्याबरोबर माझं कार्डही. माझ्या नावाने अर्ज केला तेव्हा कळलं की लोकांच्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या पतमाहिती कंपनीच्या दप्तरी मी नाहीच. इतकी वर्षं मी वेळेवर भरलेली बिलं त्यांच्या नावावर जमा झाली होती. घराचं कर्जही त्यांच्याच नावाने होतं आणि ते फेडून झालं होतं. माझ्या अहवालात स्कोअरच्या जागी इतिहास नसल्याचा शेरा होता. आयुष्यभर उधारी न करता राहिलेली, दोघांच्या संसाराचे हप्ते भरलेली बाई बँकेच्या लेखी अनोळखी निघाली. ते दिवस माझ्यासाठी आधीच कठीण होते. त्या काळात काउंटरवरच्या अनोळखी माणसाला माझी विश्वासार्हता पटवून द्यावी लागली, ते मी विसरू शकत नाही.

तेव्हा मला सल्ला मिळाला की मुदत ठेव गहाण ठेवून तिच्यावर कार्ड घ्या आणि इतिहास तयार करा. मी तो निमूटपणे मानला. माझेच पैसे तारण ठेवून, माझ्याच पैशांइतकी उधारी घेतली आणि प्रत्येक बिल तारखेच्या आत पूर्ण भरलं. स्कोअर झाला. मग ऑगस्ट २०२५ मध्ये अर्थ राज्यमंत्र्यांनी लोकसभेत सांगितलं की पहिल्यांदाच कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ पतइतिहास नाही म्हणून नाकारू नये, असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ च्या निर्देशांत बँकांना सांगितलेलं आहे. ते वाचून मला खरंच बरं वाटलं होतं. वाटलं, आपण उशिरा का होईना, योग्य रांगेत उभे आहोत. आता मला इतिहास आहे, चांगला आहे, आणि नकार तसाच आहे.

यंदा माझ्या सासूबाईंना रात्री रुग्णालयात न्यावं लागलं. अनामत भरायची होती. खात्यात पैसे होते, पण डेबिट कार्डाची आणि यूपीआयची त्या दिवसाची मर्यादा आड आली. ठेवीवरच्या कार्डाची मर्यादा तर त्या रकमेपुढे नगण्य होती. शेवटी माझ्या दिरांनी त्यांचं क्रेडिट कार्ड दिलं. दिरांचा आयटीआर मीच भरते. त्यांचं उत्पन्न माझ्यापेक्षा कमी आहे, शिवाय घराचा हप्ता चालू आहे. पण ते पगारदार आहेत, मोठ्या कंपनीत आहेत, म्हणून त्यांच्याकडे तीन कार्डं आहेत आणि तिन्हींच्या मर्यादा त्यांनी न मागता वाढल्या आहेत. सासूबाई बऱ्या झाल्या. पण पैसे जवळ असूनही त्या रात्री मी काउंटरवर हात पसरून उभी होते, आणि यात माझं काय चुकलं हे मला आजतागायत कोणी सांगितलेलं नाही.

बँकेत नोकरी केलेली माणसं खासगीत जे सांगतात, ते तुमच्या कानावर येत नसेल असं मी मानत नाही. स्कोअर हा फक्त उंबरठा असतो, निकाल आत लागतो. अर्जदार कोणत्या कंपनीत आहे, ती कंपनी बँकेच्या कोणत्या यादीत आहे, त्याचा पिन कोड कोणता, घर भाड्याचं की स्वतःचं, पगार की धंदा, अलीकडे किती बँकांनी त्याचा अहवाल मागवला, आधार आणि पॅनवरच्या नावाचं स्पेलिंग जुळतं का, तो दुसऱ्या कुणाच्या कर्जाला जामीन आहे का. माझ्या एका अशिलाने मेहुण्याच्या कर्जाला जामीन म्हणून सही केली होती. मेहुण्याचे हप्ते थकले आणि यांचे अर्ज नामंजूर होऊ लागले. कारण कुणीच सांगत नव्हतं. मी अहवाल काढून ओळ न् ओळ वाचली, तेव्हा ती नोंद सापडली. ती सापडली म्हणून पुढची हालचाल तरी करता आली. पिन कोडच्या यादीत अडकलेल्या माणसाने कोणता अहवाल वाचायचा? ती यादी बँकेच्या कपाटात आहे.

आणखी एक शक्यता आहे, आणि ती थेट तुमच्या कार्यालयाशी जोडलेली आहे. १६ नोव्हेंबर २०२३ ला रिझर्व्ह बँकेने विनातारण ग्राहक कर्जांवरचा जोखीम भार वाढवला. बँकांच्या कार्डांवरच्या येणे रकमेसाठी तो १२५ टक्क्यांवरून १५० टक्के झाला. म्हणजे तेवढ्याच उधारीसाठी बँकेला जास्त भांडवल बाजूला ठेवावं लागतं, आणि मग ती माणसं निवडून घेते. अशी उधारी फार वेगाने वाढत होती, त्यामुळे त्या निर्णयाला माझा विरोध नाही. पण त्या चाळणीत मी गळले असेन, तर मला तसं सांगा. माझी पत चांगली आहे, सध्या आम्हीच हात आखडता घेतलाय, असं लिहून दिलं असतं, तर मी हे पत्र लिहिलं नसतं.

याच्या उलट, प्रत्येक अर्जाचा ओरखडा मात्र माझ्या नावावर राहतो. बँक अहवाल मागवते, ती चौकशी नोंदली जाते, स्कोअर काही गुणांनी उतरतो. नाकारलं त्यांनी आणि डाग माझ्यावर. पुढची बँक ती चौकशी बघणार आणि आणखी सावध होणार.

अहवालातल्या चुकांसाठी तुम्ही काम केलंय, हे मी नाकारत नाही. २००५ चा पतमाहिती कंपन्यांचा कायदा आहे. देशातल्या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. तक्रारीनंतर ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही, तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते, ही तरतूद ऑक्टोबर २०२३ च्या तुमच्या परिपत्रकातली आहे. कुणी अहवाल उघडला तर ग्राहकाला एसएमएस किंवा ईमेल जातो. हे सगळं चांगलं आहे. पण ते सगळं अहवालापाशी थांबतं. माझ्या अहवालात चूक नाही. चूक असती तर मला दाद मागता आली असती आणि रोजचे शंभर रुपयेही मिळाले असते. सगळं बरोबर असलेल्या माणसासाठी तुमच्याकडे दारच नाही.

बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या लोकपालाकडे जाईन म्हटलं, तर शाखेतल्याच एका वरिष्ठांनी मला समजावलं की जाऊ नका, टिकणार नाही. मी २०२१ ची एकात्मिक लोकपाल योजना काढून वाचली. त्यांचं म्हणणं निराधार नव्हतं. बँकेचा व्यापारी निर्णय हा तक्रारीचा विषय होत नाही, असं त्यात लिहिलंय. मान्य. कार्ड कुणाला द्यायचं हा बँकेचा व्यापारी निर्णय आहे. पण कारण न कळवणं हाही व्यापारी निर्णय आहे का? तो तर तुमच्या निर्देशाचा भंग आहे. नियम करणारे तुम्ही, लोकपाल नेमणारे तुम्ही, आणि या दोघांच्या मधल्या फटीतून बँका वर्षानुवर्षं आरामात ये-जा करतात.

मला राग येतो तो यासाठी की हीच व्यवस्था माझ्या फोनवर दिवसभर कार्ड विकत असते. ‘प्री-अप्रूव्ह्ड’ म्हणून. ज्या बँकेने मला नाकारलं, तिच्याच वतीने नंतर एका मुलीचा फोन आला, लाइफटाइम फ्री कार्ड घ्या म्हणून. त्या पोरीवर मी ओरडले नाही, तिला महिन्याचं टार्गेट असतं. पण २०२४ च्या सुरुवातीला देशात कार्डांची संख्या दहा कोटींच्या पुढे गेल्याचा गवगवा झाला, तेव्हा नाकारलेल्यांची संख्या कुणी विचारली? तुमच्या संकेतस्थळावर दर महिन्याला बँकवार तक्ता येतो. किती कार्डं, किती व्यवहार, किती रक्कम. नाकारलेल्या अर्जांचा रकाना त्यात नाही.

आणि तुलना मनात आल्याशिवाय राहत नाही. २०१४-१५ पासूनच्या दहा आर्थिक वर्षांत बँकांनी १२ लाख कोटी रुपयांहून जास्त कर्जं निर्लेखित केली, म्हणजे ताळेबंदातून काढून टाकली, हे सरकारनेच संसदेत सांगितलंय. निर्लेखन म्हणजे माफी नव्हे, वसुली चालू राहते, हे मला कुणी शिकवायला नको. तरीही ती कर्जं मंजूर करताना फायली कुणीतरी वाचल्या होत्या, बैठका झाल्या होत्या, टिपणं लिहिली गेली होती. त्या अर्जदारांना माणसं भेटली. माझ्या अर्जाकडे एकाही माणसाने पाहिलेलं नाही. मी भरलेला कर चालतो, माझ्या ठेवी चालतात, माझ्या हातचे ताळेबंद बघून माझ्या अशिलांना कर्जं मिळतात. माझी स्वतःची पत ठरवायची वेळ आली की समोर यंत्र उभं राहतं, आणि तुमची माणसं म्हणतात की त्याच्या मनातलं आम्हालाही कळत नाही. मग ते यंत्र चालवण्याची परवानगी त्यांना कोणी दिली?

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. ‘अंतर्गत धोरण’ हे नकाराचं कारण मानलं जाणार नाही, असं एका ओळीत बँकांना कळवा. नकारपत्रात नकार कशामुळे दिला ती बाब लिहिणं बंधनकारक करा, आणि अर्जदाराने मागितल्यास माणसाकडून फेरतपासणी व्हावी. कारण न कळवल्याची तक्रार लोकपालाने सेवेतली त्रुटी म्हणून घ्यावी, अशी सुधारणा योजनेत करा. त्या मासिक तक्त्यात नाकारलेल्या अर्जांचा रकाना वाढवा. आणि ॲड-ऑन कार्ड वापरणाऱ्या बायकांनी भरलेल्या बिलांची नोंद, त्यांची संमती घेऊन, त्यांच्याही नावावर व्हावी. नवरा गेल्यावर शून्यापासून सुरुवात करण्याची पाळी पुढच्या बाईवर येऊ नये.

कार्ड मिळवून द्या, असं मी तुमच्याकडे मागत नाही. नकाराचं कारण मागणारं पत्र मी बँकेला स्पीड पोस्टाने पाठवलं आहे आणि त्यात तुमच्या २००७ च्या परिपत्रकाचा आणि २०२२ च्या निर्देशांचा हवाला दिला आहे. उत्तर काय येतं, किंवा येतच नाही, ते मी असंच जाहीरपणे तुम्हाला कळवीन.

आपली,
एक करसल्लागार