आधी बस, मग बिऱ्हाड : नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

माननीय नगरविकास मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

शहराच्या वेशीबाहेर वसणाऱ्या नव्या उपनगराचा प्रारूप आराखडा आपण हरकती-सूचनांसाठी खुला केलात, तो मी दोनदा जाऊन पाहिला. पहिल्यांदा रंगांनीच भुललो. दुसऱ्यांदा कोपऱ्यातली सूची नीट वाचली आणि तिथेच अडलो. काय कुठे येणार ते सगळं नकाशात आहे. काय कधी येणार, ते कुठेच नाही. माझी हरकत या ‘कधी’ला आहे.

स्टॉकहोम शहराने १९०४ पासूनच बाहेरच्या जमिनी विकत घेऊन ठेवल्या होत्या. त्यातल्या व्हेलिंगबी या उपनगरात भुयारी रेल्वे १९५२ साली पोचली आणि बाजारपेठेच्या चौकाचं उद्घाटन १९५४ साली झालं. काम, घर आणि बाजार एकाच ठिकाणी, ही तिथली कल्पना. कामाचं गणित ठरल्याइतकं जमलं नाही, बरेच जण शहरातच नोकरीला जात राहिले. पण जायला गाडी होती!

ॲमस्टरडॅमजवळच्या बायल्मरमेरमध्ये उलटं झालं. पहिले रहिवासी १९६८ साली आले, मेट्रो आली १९७७ साली. मोठमोठ्या इमारती, मधे भरपूर हिरवळ, कागदावर सगळं देखणं. त्यातल्या बऱ्याच इमारती पुढे पाडाव्या लागल्या. सगळा दोष उशिरा आलेल्या मेट्रोचा नव्हे, बांधणीतही घोळ होते. तरी ती नऊ वर्षं मोजावीच लागतात.

कारण नव्या वस्तीत माणूस पहिल्या काही महिन्यांतच आपली घडी बसवतो. बस नाही म्हटल्यावर तो हप्त्यावर गाडी घेतो. मुलांना लांबच्या शाळेत घालतो. मग चार वर्षांनी बस सुरू होते, रिकामी धावते आणि ‘प्रतिसाद नाही’ असा शेरा मारून बंद केली जाते. प्रतिसाद द्यायला कुणी उरलेलं नसतं, सगळे तोवर पेट्रोल पंपावर रांगेत!

आपल्या आराखड्यात बसथांबा आहे, पण तीस मीटर रुंद रस्त्याच्या पलीकडे. काठी टेकत चालणारी आजी सेकंदाला जेमतेम मीटरभर जाते. म्हणजे तिला तीस सेकंद लागणार, आणि मधे थांबायला दुभाजकावर जागा दाखवलेली नाही. आराखडा करणाऱ्यांनी एकदा हा रस्ता जमिनीवर चुन्याने आखून चालून पाहावा.

आता ओढ्याबद्दल. मोजणीच्या नकाशात तो निळ्या रेघेने वळणं घेत जातो. रेखांकनाच्या नकाशात त्याची तुटक सरळ रेघ झाली आहे, म्हणजे तो पाइपात गेला. उन्हाळ्यात तिथे गुरं बसतात हे खरं. पण आज शेतात मुरणारं पाणी उद्या छपरांवरून आणि डांबरावरून एकदम धावत येईल. भराव घालून वरचे भूखंड उंच झाले की ते खालच्या जुन्या वस्तीत शिरेल, आणि ती वस्ती आपल्या नकाशाच्या चौकटीबाहेर आहे.

भूखंड विकल्याशिवाय पैसा येत नाही, हे आपले अधिकारी सांगतील. मान्य. म्हणून पहिल्या पाच वर्षांचा बसचा तोटा विकास शुल्कातच धरा, घर घेणाऱ्याला तो आधी कळू द्या. टप्पेही लहान करा. एका टप्प्यातली बस, प्राथमिक शाळा आणि सांडपाण्याची वाहिनी चालू झाल्याशिवाय तिथल्या इमारतींना भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे राहायला जाण्याची परवानगी, नको. ओढा उघडाच ठेवा आणि दोन्ही काठांना पुराची जागा सोडा.

हे टप्पे दाखवणारा, प्रत्येक सोयीपुढे वर्ष लिहिलेला एक वेगळा नकाशा हरकतींची मुदत संपण्याआधी त्याच भिंतीवर लागावा. मी तिसऱ्यांदा येईन.

आपला,
एक नागरिक