जुलैची सहल मे महिन्यात विकल्याबद्दल तक्रार

दि. १० जून २०२४
विलेपार्ले (पूर्व), मुंबई

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
मुख्य कार्यालय, मुंबई

विषय: मे २०२४ मधील अमेरिकेतल्या यलोस्टोन–ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानांच्या सेल्फ-ड्राइव्ह सहलीबाबत तक्रार आणि परताव्याची मागणी

महोदय,

आपल्या दादर शाखेतून आम्ही पाच जणांनी (मी, माझे यजमान, दोन मुले आणि सासूबाई) वरील सहल घेतली होती. परत आल्यावर मी पाठवलेल्या ई-मेलला आपल्याकडून तीन ओळींचे उत्तर आले: हिमवर्षावामुळे काही रस्ते बंद होते, ही नैसर्गिक आपत्ती आहे, सबब कंपनी जबाबदार नाही. हे उत्तर मला मान्य नाही. का मान्य नाही ते जरा सविस्तर लिहिते, कारण तीन ओळींत वेळ मारून नेण्याइतका हा मामला लहान नाही.

आपल्या छापील कार्यक्रमात पहिल्या पानावर, सर्वांत मोठ्या फोटोसह, बेअरटूथ महामार्ग आहे. माँटानातल्या रेड लॉज गावातून निघायचे, जवळपास ११ हजार फुटांवरचा घाट ओलांडायचा आणि यलोस्टोनच्या ईशान्य दारापाशी कुक सिटीत मुक्काम करायचा. फोटोत दोन्ही बाजूंना बर्फाच्या उंच भिंती आहेत, मधून काळाभोर रस्ता आहे आणि हाफ टी-शर्टातले एक जोडपे हसते आहे. बर्फाची भिंत दिसते म्हणजे कोणीतरी बर्फ कापून रस्ता मोकळा केलेला असणार आणि ते काम कधी तरी पुरे होत असणार, एवढा विचार कार्यक्रम आखणाऱ्याने करायला हवा होता. हा रस्ता दर हिवाळ्यात बंद असतो. तो मेमोरियल डेच्या (मेचा शेवटचा सोमवार, तिथली सुट्टी) आदल्या शुक्रवारी उघडण्याचे नियोजन असते आणि यंदा तो शुक्रवार २४ मे रोजी होता. आपण आम्हाला तिथे पाठवलेत १२ मे रोजी.

त्या दिवशी सकाळी रेड लॉजच्या पुढे काही मैलांवर लोखंडी फाटक आडवे होते, त्यावर ‘रोड क्लोज्ड’ची पाटी. आम्ही मागे फिरून पेट्रोल पंपावर चौकशी केली. काउंटरवरच्या बाईंनी आपला लॅमिनेट केलेला कार्यक्रम हातात घेतला, तारीख वाचली, मग पुन्हा फोटोकडे पाहिले आणि शेजारच्या माणसाला बोलावून दाखवला. त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे सौजन्य.

तिथे सकाळचे नऊ म्हणजे मुंबईत रात्रीचे साडेआठ. आपल्या ‘चोवीस तास मदत’ क्रमांकावर जे गृहस्थ बोलले त्यांनी सांगितले, “मॅडम, बॅक ऑफिसला विचारून कळवतो, हॉटेल बदलावे लागेल, तोपर्यंत निघू नका.” आम्ही दुपारी दोनपर्यंत एका कॅफेत बसून राहिलो. शेवटी यजमानांनीच निर्णय घेतला आणि लिव्हिंग्स्टन, गार्डिनर, मॅमथ असा वळसा घेतला. जिथे साधारण ११० किलोमीटर जायचे होते तिथे साडेतीनशेहून अधिक झाले. त्यातला शेवटचा टप्पा म्हणजे यलोस्टोनमधल्या लमार खोऱ्यातला रस्ता. दिवस मावळताना गव्यांसारख्या दिसणाऱ्या बायसनचा कळप डांबरावर येऊन उभा राहिला. त्यांच्यापासून २५ यार्ड लांब राहण्याचा उद्यानाचा नियम आहे, पण तेच आपल्या बाजूला आले तर गाडी थांबवून बसण्यावाचून काय करणार? डाव्या बाजूचे स्टिअरिंग, नवखा रस्ता, मोबाइलला नेटवर्क नाही, मागे सासूबाई जप करताहेत. हॉटेलात पोचून वायफाय लागल्यावर आपल्या बॅक ऑफिसचा निरोप दिसला. तो मुंबईतल्या सोमवारी सकाळी अकराला, म्हणजे तिथल्या रात्री साडेअकराला आला होता: ‘प्लीज मॅप फॉलो करा.’

हा एकच रस्ता असता तर मी नशिबाला बोल लावून गप्प बसले असते. पण कार्यक्रम पुढे सरकत गेला तसतसे लक्षात आले की सगळीच घडी अशी आहे. यलोस्टोनमधली, टॉवरहून कॅन्यनकडे जाणारी डनरेव्हन खिंड बंद. तीही साधारण मे अखेरीसच उघडते. पुन्हा मॅमथ, नॉरिसवरून वळसा. ग्लेशियरमधला गोइंग-टू-द-सन रोड हा सहलीचा कळसाध्याय म्हणून आपण छापला आहे. लोगन खिंडीवरून उद्यान आरपार ओलांडून पलीकडे मुक्काम. तो रस्ता वरपर्यंत मोकळा व्हायला बहुतेक वर्षी जूनचा उत्तरार्ध किंवा जुलै उजाडतो. आज १० जून आहे आणि तो अजूनही पूर्ण उघडलेला नाही. आम्ही महामार्ग क्रमांक २ ने दक्षिणेकडून फेरा मारून पलीकडच्या हॉटेलात गेलो.

गावांचेही तेच. ‘वाइल्ड वेस्ट’चे खेळ करणाऱ्या बफेलो बिलच्या कोडी गावात ‘रात्रीचा रोडिओ, तिकिटे समाविष्ट’ असे आपल्या व्हाउचरवर आहे. तो रोजचा रोडिओ (उधळत्या घोड्या-बैलांवर बसण्याचा काउबॉयांचा खेळ) १ जूनला सुरू होतो. सुरूच न झालेल्या खेळाची तिकिटे आपण कुठून काढलीत, हे मला खरोखर जाणून घ्यायचे आहे. बिलने १९०२ मध्ये मुलीच्या नावाने बांधलेले इर्मा हॉटेल आणि तिथले पाच संग्रहालयांचे मोठे केंद्र यांनी तो दिवस तारला. दोन्ही आपल्या कार्यक्रमात नव्हती. जॅक्सन गावच्या चौकातली लुटूपुटूची गोळीबाराची लढाईसुद्धा मेमोरियल डेच्या सुमारास सुरू होते. धाकट्याने हरणांच्या शिंगांच्या कमानीखाली उभे राहून विचारले, “बंदूकवाले कधी येणार?”

म्हणजे झाले आहे ते असे: हा कार्यक्रम जुलैचा आहे. मुंबईच्या शाळांना सुट्टी मे महिन्यात असते, म्हणून त्याच कार्यक्रमावर मेच्या तारखा चिकटवून विकला आहे. याला नैसर्गिक आपत्ती म्हणणे म्हणजे एप्रिलमध्ये माळशेज घाटातले धबधबे दाखवतो म्हणून पैसे घ्यायचे आणि मग पाऊस पडला नाही असे सांगण्यासारखे आहे. आपत्ती अचानक येते. हे रस्ते गेल्या हिवाळ्यापासून ठरल्याप्रमाणे बंद होते आणि ते कधी उघडणार याचे वेळापत्रक उद्यानाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. बुकिंग करताना मी दादर शाखेत स्पष्ट विचारले होते की बर्फामुळे रस्ते बंद नसतील ना. “मॅडम, मे म्हणजे तिथे समर,” हे उत्तर मिळाले होते.

मेमध्ये तिकडे जाऊच नये, असे माझे म्हणणे नाही. लमारमध्ये तांबूस रंगाची बायसनची पिल्ले आईच्या पायांत घुटमळत होती, ती जुलैत तशी राहत नाहीत. ओल्ड फेथफुल या गरम पाण्याच्या कारंज्यापाशी गर्दी नव्हती. आपण खरे सांगितले असते तर आम्ही कोडी आणि जॅक्सनच्या बाजूने, उघड्या रस्त्यांपुरती सहल आखून घेतली असती, कदाचित जास्त मजेत केली असती. ग्लेशियरपर्यंतची शेकडो मैलांची दौड तर वाचलीच असती. ही निवड आपण आमच्याकडून काढून घेतलीत.

भाड्याच्या गाडीबद्दल थोडक्यात. दुसऱ्या चालकाचे शुल्क पॅकेजमध्ये धरले आहे असे लेखी असताना बिलिंग्जच्या काउंटरवर ते आमच्याकडून वेगळे घेतले. पावती सोबत आहे. तसेच फेब्रुवारीत भरलेल्या रकमेचे टीसीएस (आपण आमच्याकडून वसूल केलेल्या कराचे) प्रमाणपत्र अजून मिळालेले नाही.

माझी मागणी अशी की जादा पेट्रोल, दुसऱ्या चालकाचे शुल्क, न झालेल्या रोडिओची तिकिटे आणि छापील कार्यक्रमातले जे तीन मुख्य रस्ते आपण दाखवूच शकत नव्हतात त्यांच्यापोटी पॅकेजचा योग्य हिस्सा, असे मिळून २,४०,००० रुपये हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत माझ्या खात्यात जमा करावेत. हिशेबाचा तक्ता, पावत्या, फाटकाचा तारखेसह फोटो आणि व्हॉट्सॲपवरील संभाषण जोडले आहे. पुढच्या सहलीसाठी ‘पाच टक्के सवलतीचे कूपन’ आपल्या शाखेने फोनवर देऊ केले, ते मला नको.

आणखी एक. काल आपल्याकडून दिवाळीच्या सुट्टीची जाहिरात आली. त्यात हाच मार्ग, हाच फोटो. यंदा लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला आहे. बेअरटूथ ऑक्टोबरच्या मध्यास बंद होतो आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला यलोस्टोनमधले उत्तरेकडचा एक सोडून बाकीचे रस्ते गाड्यांना बंद होतात. ही जाहिरात ताबडतोब मागे घ्यावी आणि ज्यांनी बुकिंग केले असेल त्यांना लेखी कळवावे.

मुदतीत समाधानकारक उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली सेवेतील उणीव आणि दिशाभूल करणारी जाहिरात या मुद्द्यांवर मी ऑनलाइन जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार नोंदवीन. मी राहते तिथेच ती नोंदवता येते, त्यामुळे मला पार्ल्याबाहेर फार लांब जावे लागणार नाही.

कळावे,
आपली ग्राहक
(सही)