३० सप्टेंबरचा शब्द कुठे गेला?

नरखेड, जि. नागपूर
नोव्हेंबर २०२५

मा. केंद्रीय वाणिज्य मंत्री,
सप्रेम नमस्कार.

सहा एकर कोरडवाहू वावर आहे माझं. गेल्या आठवड्यात पहिल्या वेचणीचा कापूस घेऊन सरकारी खरेदी केंद्रावर गेले. ओलावा चौदा टक्के निघाला, बाराच्या वर घेत नाहीत. बोंडं पराटीवरच, म्हणजे झाडावरच, पावसात भिजली, तर ओलावा कुठे जाणार? भाड्याची गाडी भरलेलीच परत आणली. दुसऱ्या दिवशी गावात येऊन माल घेणाऱ्या खेडा खरेदीवाल्याला ६,७०० रुपये क्विंटलने दिला. लांब धाग्याचा हमीभाव ८,११० आहे. क्विंटलमागे १,४१० रुपये गेले, आणि वेचाई तर मी आधीच रोखीने देऊन बसले होते. भाव का पाडता विचारलं, तर म्हणाला, “बाहेरून कापसाच्या गाठी येऊन राहिल्या ना ताई, कुठून देऊ?”

तो खोटं बोलत नव्हता. कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्टपासून तुमच्या सरकारने उठवलं. फक्त ३० सप्टेंबरपर्यंत, असं सांगितलं. आमचा कापूस त्यानंतर निघतो, म्हणून आम्ही गप्प बसलो. २८ ऑगस्टला मुदत ३१ डिसेंबरवर नेली. वेचणीचा ऐन हंगाम त्यात सापडला. अधिसूचना अर्थ खात्याची असते हे मला ठाऊक आहे, पण व्यापाराचा जाब मी तुम्हालाच विचारणार.

अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के शुल्क लावलं, कापड उद्योग अडचणीत आला, हे खरं. तिरुपूरच्या कापड कामगाराचं काम जावं असं मला मुळीच वाटत नाही. पण तिकडचा दंड नरखेडच्या पराटीवरून का वसूल करता?

आणि ती जागतिक व्यापार संघटना! १९९५ पासून ऐकतो आहोत, नियम सगळ्यांना सारखे. नोव्हेंबर २०१८ मध्ये अमेरिकेने तिथे मांडलं की भारत कापसाला उत्पादनमूल्याच्या ५३ ते ८१ टक्के आधार देतो. मर्यादा १० टक्क्यांची. हा हिशेब कसा? आजचा हमीभाव ताडायचा १९८६-८८ च्या भावाशी, फरक तो सगळा सरकारी आधार म्हणायचा, आणि देशातला सगळाच कापूस हमीभावाने गेला असं धरायचं. १९८६ साली मी पाचवीत होते, साहेब. जिनिव्हातल्या त्या संघटनेच्या कागदावर मी सरकारची लाडकी आहे आणि माझ्या हातात ६,७०० आहेत. तिथे माझ्या नावावर मांडलेला पैसा मला कधी मिळाला, ते दाखवा.

ब्राझील अमेरिकेच्या कापूस अनुदानाविरुद्ध २००२ मध्ये त्याच संघटनेत भांडायला उभा राहिला, जिंकला. २०१४ मध्ये अमेरिकेने ३० कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. अनुदान वेगळ्या नावाने चालूच राहिलं. माली, चाड, बेनिन, बुर्किना फासो हे आफ्रिकेतले कापूस पिकवणारे देश २००३ पासून हेच रडगाणं सांगताहेत. आता तर दाद मागायलाही जागा नाही: अमेरिका सदस्यांच्या नेमणुका अडवते, म्हणून डिसेंबर २०१९ पासून संघटनेचं अपील मंडळच बंद आहे. जो बलवान तो नियम मोडतो, आणि आपलं सरकार आपल्याच शेतकऱ्याचं कुंपण काढून देतं. मग आम्ही कोणाकडे जायचं?

ओलाव्याची अट पावसाचं वर्ष बघून सैल करा. शुल्काची सूट पुन्हा वाढवू नका, आणि ते आजच जाहीर करा, ३० डिसेंबरच्या रात्री नको. दुसऱ्या वेचणीचा कापूस ओसरीत पडला आहे. तुमचं उत्तर येईपर्यंत तो मी विकत नाही.

आपली,
नरखेड तालुक्यातील एक कापूस उत्पादक